खिशातला डॉलर मैदानात का चालत नाही?

अमेरिकेतील एखाद्या मोठ्या विद्यापीठाचा फुटबॉल सामना पाहायला जाताना खिशात रोख पैसे न्यावेत की नाही, हा प्रश्न वरकरणी अगदी किरकोळ वाटतो. त्याचे व्यावहारिक उत्तर दोन ओळींत देता येते आणि ते या लेखात पुढे दिलेही आहे. परंतु या किरकोळ प्रश्नाच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. सरकारने छापलेली नोट त्याच देशात, राज्याच्या मालकीच्या विद्यापीठाच्या आवारात, खाद्यपदार्थांच्या खिडकीवर नाकारली जाते. ती नाकारण्याचा अधिकार त्या खिडकीला कोणी दिला? आणि ती नाकारल्यामुळे नेमका कोण माणूस रिकाम्या हाताने परत फिरतो? कोणतीही नवी व्यवस्था आली की ती कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हे आधी तपासायचे, ही सवय चळवळीने आपल्याला लावली आहे. त्याच सवयीने या प्रश्नाकडे पाहू.

प्रथम हा खेळ आणि ही मैदाने म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर जाड गाद्या चढवून, लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा तो खेळ आहे. तेथे विद्यापीठांचे संघ या खेळात उतरतात आणि त्यांचे सामने पाहायला जमणारी गर्दी आपल्याला अविश्वसनीय वाटावी इतकी असते. मिशिगन विद्यापीठाचे अ‍ॅन आर्बर येथील मैदान १९२७ साली सुरू झाले. आज त्याची आसनसंख्या १ लाख ७ हजार ६०१ आहे. मुंबईचे वानखेडे स्टेडियम तीन वेळा भरावे एवढी ही माणसे! अ‍ॅन आर्बर गावाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे १ लाख २४ हजार होती. म्हणजे सामन्याच्या शनिवारी जवळजवळ दुसरे गावच त्या गावात येऊन बसते. ओहायो स्टेट, पेन स्टेट, टेक्सास ए अँड एम, लुइझियाना स्टेट यांची मैदानेही लाखाच्या घरातील आहेत. ऑगस्टअखेरीपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत हा हंगाम चालतो आणि त्यानंतर निवडक संघांचे मोठे सामने होतात.

एवढी माणसे साडेतीन-चार तास एका ठिकाणी बसणार म्हणजे खाणेपिणे आलेच. हॉट डॉग, पॉपकॉर्न, शीतपेये, टोप्या, सदरे यांची प्रचंड विक्री तेथे होते. पूर्वी हा सारा व्यवहार प्रामुख्याने रोखीचा होता. विक्रेता पायऱ्यांवरून हाका मारीत फिरायचा आणि रांगेतील माणसे नोट हातोहात पुढे सरकवायची. २०१९ मध्ये हे चित्र बदलू लागले. त्या वर्षी मार्चमध्ये अटलांटा येथील मर्सिडीज-बेंझ स्टेडियमने आत रोख घेणे बंद केले. व्यावसायिक फुटबॉलच्या मैदानांत असे करणारे ते पहिले मैदान. त्याच वर्षी फ्लोरिडातील ट्रॉपिकाना फील्ड या बेसबॉलच्या मैदानानेही तोच मार्ग धरला. पुढे २०२० मध्ये कोरोनाची साथ आली आणि नोटेला हात लावण्याची भीती पसरली. या भीतीचा आधार घेऊन अनेक विद्यापीठांनीही आपली मैदाने ‘कॅशलेस’ केली. साथ ओसरली, मुखपट्ट्या उतरल्या, पण रोख घेणारी खिडकी काही परत उघडली नाही.

मैदानचालकांची बाजूही नीट ऐकली पाहिजे. विरोधकाचे म्हणणे न ऐकता केलेली टीका टिकत नाही. त्यांचा पहिला मुद्दा वेळेचा. विद्यापीठांच्या सामन्यात मध्यंतर २० मिनिटांचे असते आणि त्या २० मिनिटांत हजारो माणसे एकाच वेळी खिडक्यांवर तुटून पडतात. नोट घ्या, मोजा, मोड द्या, यात जो वेळ जातो तो कार्ड टेकवण्यात जात नाही. दुसरा मुद्दा सुरक्षेचा. दिवसअखेर लाखो डॉलरची रोकड मोजायची, गल्ले जुळवायचे, बंदोबस्तात बँकेत भरणा करायचा, यात चोरी आणि गैरव्यवहाराला वाव असतो आणि संशयाचे बोट सर्वांत आधी खिडकीवरच्या गरीब कामगाराकडे जाते. हे दोन्ही मुद्दे खरे आहेत. कार्डाने व्यवहार करणाऱ्याला कार्ड वापरू द्यावे, त्याला कोणाचीच हरकत नाही.

पण चालक जे सांगत नाहीत तेही पाहिले पाहिजे. हातातली नोट मोडताना माणूस विचार करतो. कार्ड टेकवताना तो तेवढा विचार करीत नाही, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. कोणी, केव्हा, काय आणि किती घेतले याची नोंद कार्डामुळे आपोआप तयार होते आणि ही नोंद हा आता स्वतंत्र धंदा झाला आहे. शिवाय कार्डाच्या प्रत्येक व्यवहारामागे विक्रेत्याला साधारण दोन-तीन टक्के रक्कम बँका आणि कार्ड कंपन्यांना द्यावी लागते. ही रक्कम शेवटी वस्तूच्या किमतीतच चढते. नोटेवर असा कर नसतो. नोट ही सार्वजनिक वस्तू आहे. कार्ड ही खाजगी कंपन्यांची पेठ आहे. नोट बंद करणे म्हणजे सार्वजनिक रस्ता बंद करून सर्वांना टोलच्या रस्त्याने जायला लावणे होय.

आता कायदा काय म्हणतो? प्रत्येक डॉलरच्या नोटेवर छापलेले असते की, ही नोट सर्व सार्वजनिक आणि खाजगी देण्यांसाठी कायदेशीर चलन आहे. मग एखादी खिडकी ती नाकारते कशी? येथे ‘देणे’ या शब्दात सारी मेख आहे. माल हातात पडला आणि पैसे द्यायचे राहिले तर देणे निर्माण होते. परंतु खिडकीवर आधी पैसे, मग माल असा व्यवहार असतो. देणे निर्माणच झालेले नसल्यामुळे विक्रेता आपल्या अटी घालू शकतो. खाजगी व्यापाऱ्याने रोख घेतलीच पाहिजे असा संघराज्याचा कोणताही कायदा नाही, असे अमेरिकेची मध्यवर्ती बँक असलेल्या फेडरल रिझर्व्हनेच स्पष्ट केलेले आहे. संपूर्ण देशासाठी असा कायदा करण्याचे प्रयत्न तेथील संसदेत झाले. न्यू जर्सीचे कृष्णवर्णीय खासदार डोनाल्ड पेन (ज्युनिअर) यांनी ‘पेमेंट चॉइस अ‍ॅक्ट’ नावाचे विधेयक मांडले होते. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. ते हयात असेपर्यंत ते विधेयक कायदा होऊ शकले नाही.

म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले आणि मैदानाने ते बंद केले. आता या दारापाशी कोण अडकतो, ते आकड्यांतच पाहू. अमेरिकेत बँकांच्या ठेवींना विमा देणारी फेडरल डिपॉझिट इन्शुरन्स कॉर्पोरेशन ही सरकारी संस्था दर दोन वर्षांनी एक पाहणी करते. २०२३ च्या पाहणीत ४.२ टक्के, म्हणजे सुमारे ५६ लाख कुटुंबांत एकाचेही बँकेत खाते नव्हते. वर्णनिहाय पाहिले की खरी गोष्ट समोर येते. गोऱ्या कुटुंबांत हे प्रमाण १.९ टक्के. कृष्णवर्णीय कुटुंबांत १०.६ टक्के. हिस्पॅनिक कुटुंबांत ९.५ टक्के. आणि ज्यांची ही मूळ भूमी त्या आदिवासी इंडियन कुटुंबांत १२.२ टक्के! गोऱ्यांच्या पाचपट, सहापट! ज्यांची जमीन गेली आणि ज्यांना साखळदंडात बांधून आणले गेले, तेच समाज आज बँकेच्याही दाराबाहेर सर्वाधिक संख्येने उभे आहेत. हा योगायोग मानायला आपण तयार आहोत काय?

काही जण म्हणतील, खाते उघडायला त्यांना कोणी अडवले? प्रश्न सोपा आहे, उत्तर सोपे नाही. खात्यात ठेवावी लागणारी किमान शिल्लक परवडत नाही, हे कारण याच पाहण्यांत लोक सर्वांत जास्त सांगतात. शिल्लक कमी पडली की दंड, खात्यात नसताना पैसे गेले की पुन्हा दंड. गरिबाला बँक महाग पडते. दुसरे कारण अविश्वासाचे आहे आणि त्याला इतिहास आहे. गुलामगिरीच्या अंताच्या सुमारास, १८६५ मध्ये, मुक्त झालेल्या गुलामांसाठी ‘फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक’ स्थापन झाली. मोलमजुरी करून, कपडे धुऊन, सैन्यात नोकरी करून साठवलेले पैसे लोकांनी विश्वासाने तेथे ठेवले. संचालकांनी ते पैसे बेजबाबदार कर्जांत घातले. बँक डबघाईला आल्यावर १८७४ मध्ये थोर कृष्णवर्णीय नेते फ्रेडरिक डग्लस यांना अध्यक्षपदी बसवण्यात आले. त्यांनी पदरचे १० हजार डॉलर घालून पाहिले, पण त्याच वर्षी बँक बुडाली. ६१ हजारांहून अधिक ठेवीदारांचे जवळजवळ ३० लाख डॉलर अडकले. कित्येकांना अर्धेमुर्धे मिळाले, कित्येकांना काहीच मिळाले नाही. पुढच्या शतकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना नकाशावर लाल रंग देऊन तेथे घरकर्ज नाकारण्याचे धोरण चालले. अशा अनुभवातून गेलेल्या समाजातील एखादी आजी आजही पैसे घरात ठेवते, तर तिला अडाणी ठरवण्याचा अधिकार कोणाला आहे?

अटलांटाच्या ज्या मैदानाचा उल्लेख वर आला, तेथे हा प्रश्न अधिक टोकदार होतो. हे मैदान व्यावसायिक संघाचे असले तरी तेथे विद्यापीठांचे अनेक मोठे सामने होतात. त्यातलाच एक ‘सेलिब्रेशन बोल’. अमेरिकेत ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेली सुमारे १०० महाविद्यालये आणि विद्यापीठे आहेत. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती, तेव्हा याच संस्थांनी त्या समाजाला डॉक्टर, वकील, शिक्षक, नेते दिले. अशा विद्यापीठांच्या दोन प्रमुख गटांतील विजेते दर डिसेंबरमध्ये ‘सेलिब्रेशन बोल’मध्ये समोरासमोर येतात. २०१५ मध्ये हा सामना सुरू झाला आणि २०१७ पासून तो याच मैदानात होतो. फ्लोरिडा ए अँड एम, हॉवर्ड, जॅक्सन स्टेट, साउथ कॅरोलायना स्टेट अशा विद्यापीठांचे आजी-माजी विद्यार्थी कुटुंबकबिल्यासह तेथे येतात. हा त्यांच्यासाठी केवळ सामना नसतो, तो समाजाचा मेळावा असतो. विद्यापीठांचे वाद्यवृंद हे त्या मेळाव्याचे मोठे आकर्षण असते. आणि ज्या समाजात दहातील एका कुटुंबाचे बँकेत खाते नाही, त्या समाजाचा हा मेळावा रोख न चालणाऱ्या मैदानात भरतो!

या जागेचा इतिहासही सांगितला पाहिजे. हे मैदान बांधण्यासाठी जी जागा घेण्यात आली तिच्यावर दोन जुनी कृष्णवर्णीय चर्च होती. त्यांपैकी एक फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्च. मोअरहाउस महाविद्यालय १८७९ मध्ये ऑगस्टाहून अटलांटाला आले तेव्हा त्याचे वर्ग याच चर्चने आपल्या तळघरात भरू दिले. १८८१ मध्ये कृष्णवर्णीय मुलींसाठी सुरू झालेल्या स्पेलमन महाविद्यालयाचा जन्मही याच चर्चच्या तळघरातला. चर्चला १९५ लाख डॉलर मोबदला मिळाला आणि त्याची नवी इमारतही उभी राहिली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. परंतु ज्या मंडळीच्या तळघरात कृष्णवर्णीय मुलामुलींनी पाटी धरली, तिच्या वास्तूच्या जागी आज एक अशी वास्तू आहे, जेथे त्यांच्या पणतवंडांच्या हातातली नोट चालत नाही. शेजारच्या वाइन सिटी वस्तीत डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचे घर होते. इतिहासाचा हा विरोधाभास कोणाच्याही नजरेतून सुटू नये.

याच मैदानाने एक चांगली गोष्टही केली होती. २०१७ मध्ये ते उघडले तेव्हा खाद्यपदार्थांच्या किमती मुद्दाम कमी ठेवण्यात आल्या. हॉट डॉग अवघ्या २ डॉलरला! इतर मैदानांवरची लूट पाहता हे कौतुकास्पदच होते. किमती पूर्ण डॉलरमध्ये ठेवल्या होत्या, कारण त्यामुळे चिल्लर मोजण्यात वेळ जात नव्हता. २०१९ मध्ये रोख बंद झाली तेव्हा चिल्लरीचा प्रश्नच मिटला आणि हॉट डॉगची किंमत दीड डॉलर करण्यात आली. वाचणारा म्हणेल, मग गरिबाचा फायदाच झाला! येथेच थांबून विचार करावा. स्वस्ताई आली, पण ती कार्ड असणाऱ्यांसाठी आली. ज्याला पन्नास सेंटची बचत सर्वांत मोलाची, त्याच्याकडेच ते कार्ड नसण्याची शक्यता सर्वांत जास्त. सवलत आणि बंदी एकाच दिवशी, एकाच निर्णयाने आली. व्यवस्था जेव्हा उदार होते, तेव्हा ती कोणाशी उदार होते हे पाहावे लागते, ते यासाठी.

रोख बाळगणाऱ्यांसाठी या मैदानांनी एक तोड काढली आहे. तिला ‘उलटे एटीएम’ म्हणतात. नेहमीच्या एटीएममध्ये कार्ड घातले की नोटा मिळतात. या यंत्रात नोटा घातल्या की कार्ड मिळते. ते कार्ड मग खिडकीवर चालते. अटलांटाच्या मैदानानेही अशी यंत्रे बसवली. काही ठिकाणी हे कार्ड फुकट मिळते, काही ठिकाणी त्यासाठी शुल्क घेतात. ही सोय काहीच नसण्यापेक्षा बरी, हे मान्य. पण तिला समान वागणूक म्हणता येत नाही. एकाने थेट खिडकीवर जायचे आणि दुसऱ्याने आधी यंत्र शोधायचे, तेथे रांग लावायची, मग पुन्हा खिडकीची रांग धरायची. मध्यंतर २० मिनिटांचे! यंत्रातून मोड मिळत नाही. २० डॉलर घातले आणि १६ खर्च झाले तर उरलेले ४ डॉलर कार्डातच अडकतात. ते कार्ड बाहेरही चालते असे सांगितले जाते; पण नेमक्या चार डॉलरची खरेदी कोण शोधत फिरणार? आणि कार्ड बराच काळ वापरले नाही तर त्यातून शुल्क कापून घेण्याची अटही काही कार्डांना असते. गरिबाचे असे अडकलेले चार-चार डॉलर शेवटी कोणाच्या खात्यात जमा राहतात, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. वेगळी रांग, वेगळे यंत्र, वेगळा कागद. ‘तुलाही मिळेल, पण तिकडून ये,’ ही भाषा आपल्या वाचकांना ओळखीची आहे.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. ज्याला एवढे महागडे तिकीट परवडते, त्याच्याकडे कार्ड असणारच! शिवाय तिकीटही आता मोबाईलवर येते, मग मोबाईल असणाऱ्याला रोख कशाला हवी? हा आक्षेप मैदानावरच्या गर्दीकडे न पाहता केलेला आहे. एक माणूस चार तिकिटे काढतो आणि चौघांना आत घेऊन जातो. त्या चौघांत खर्चाला दहा डॉलर हातात घेतलेली बारा वर्षांची मुलगी असते, बँकेची पायरी न चढलेली आजी असते, नव्याने आलेला स्थलांतरित असतो. विद्यार्थ्यांना तिकिटे सवलतीत मिळतात. कोणाला तिकीट भेट मिळते, कोणाला चर्च किंवा शाळा घेऊन जाते. आणि आत केवळ प्रेक्षकच असतात असे नाही. झाडू मारणारे, कचरा उचलणारे, खुर्च्या पुसणारे कामगारही तेथे असतात आणि त्यांनाही भूक लागते. शिवाय यंत्रावरचा हा सारा भरवसा यंत्र बंद पडेपर्यंतच असतो. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्ययावतीकरणामुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने जमिनीवर राहिली आणि कित्येक दुकानांत कार्डे चालेनाशी झाली. त्या दिवशी नोट मात्र चालत होती.

या अन्यायाविरुद्ध तेथे कोणी उभे राहिले नाही असे मुळीच नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७८ पासूनच दुकानदाराला रोखीचे गिऱ्हाईक नाकारण्यास बंदी केलेली आहे. त्या कायद्याने वापरलेला शब्द महत्त्वाचा आहे. रोखीने घेणाऱ्याशी ‘भेदभाव’ करता येणार नाही, असे तो म्हणतो. गैरसोय नव्हे, भेदभाव! २०१९ मध्ये फिलाडेल्फिया शहर, न्यू जर्सी आणि ऱ्होड आयलंड ही राज्ये आणि सॅन फ्रान्सिस्को शहर यांनी असेच कायदे केले. २०२० मध्ये न्यूयॉर्क शहराने केला. तेथे हा कायदा मांडणारे नगरसेवक रिची टोरेस हे ब्रॉन्क्सच्या सरकारी घरकुलांत वाढलेले आफ्रो-लॅटिनो कार्यकर्ते. रोख नाकारणे हा परिणामाने वर्णभेदच आहे, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे ते संसदेत निवडून गेले. २०२१ मध्ये कोलोरॅडोने आणि २०२३ मध्ये बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या डेट्रॉइट शहराने हाच मार्ग धरला. डेट्रॉइटपासून अ‍ॅन आर्बर अवघे ७० किलोमीटर. पण डेट्रॉइटचा नियम डेट्रॉइटच्या वेशीपाशी संपतो. हक्क गावागावांत बदलत असेल तर तो हक्क अर्धाच म्हणायचा.

मैदानाच्या दाराचा हा प्रश्न अमेरिकेला नवा नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणी वर्ण, धर्म, मूळ देश यांवरून कोणालाही मज्जाव करण्यास बंदी केली. त्या कायद्यात उपाहारगृहे, नाट्यगृहे यांच्याबरोबर ‘स्टेडियम’ हा शब्द स्वच्छ लिहिलेला आहे. आपल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्येही दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आलेली आहेत. दोन्ही देशांच्या शोषितांना हे शब्द फुकट मिळालेले नाहीत. कायदा झाल्यावरही दक्षिणेतील विद्यापीठांच्या बलाढ्य ‘साउथईस्टर्न कॉन्फरन्स’मध्ये पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू मैदानात उतरायला १९६७ साल उजाडावे लागले. केंटकी विद्यापीठाचा नेट नॉर्थिंग्टन हा तो खेळाडू. आज याच विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीय खेळाडूंच्या बळावर उभे आहेत. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर २०२५-२६ या पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना मिळून २०५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट देण्याची मुभा मिळाली. खेळाडूंना त्यांच्या घामाचे मोल मिळू लागले ही स्वागतार्हच गोष्ट आहे. पण हा वाढलेला खर्च विद्यापीठे तिकिटांतून आणि खिडक्यांवरच्या विक्रीतून भरून काढू पाहणार, हेही उघड आहे. खेळाडूचे काळेपण चालते, कारण त्यावर धंदा चालतो. त्याच्या आजीच्या हातातली नोट चालत नाही.

जुना भेदभाव पाटी लावून येत असे. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ ही पाटी दिसत होती, म्हणून तिच्याविरुद्ध लढताही आले. नवी पाटी ‘फक्त कार्ड’ एवढेच म्हणते. ती कोणाचा वर्ण विचारत नाही, जात विचारत नाही, नाव विचारत नाही. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा पाटीपाशी कोण अडते, ही खरी कसोटी. त्या कसोटीवर १.९ आणि १०.६ हे दोन आकडे पुरेसे बोलके आहेत.

आता व्यवहाराचे बोलू, कारण हा प्रश्न आपल्याही घरापर्यंत आलेला आहे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या आधाराने आपली मुलेमुली अमेरिकेतील विद्यापीठांत जात आहेत. ती तेथे पोचतात ऑगस्टमध्ये आणि सामने सुरू होतात ऑगस्टअखेरीस. तेथले बँक खाते अजून उघडलेले नसते, खिशात घरून नेलेले डॉलर असतात आणि वर्गमित्र सामन्याला चल म्हणतात. अशा विद्यार्थ्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मैदानाच्या आत रोख चालेलच असे गृहीत धरू नये. विद्यापीठाने सामन्यासाठी काढलेल्या सूचना आधी वाचाव्यात. आपले यूपीआय त्या खिडकीवर कामाचे नाही. येथून निघतानाच परकीय चलनाचे कार्ड घ्यावे. भारतीय बँकेचे कार्ड नेणार असाल तर त्यावर परदेशातील व्यवहार सुरू करून घ्यावेत. २०२० मध्ये लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. केवळ मोबाईलवर विसंबू नये, प्रत्यक्ष कार्ड जवळ ठेवावे. लाख माणसांच्या गर्दीत मोबाईलचे जाळे कोलमडते आणि बॅटरीही संपते. पाठपिशवी नेऊ नये. पुष्कळ मैदानांवर १२ बाय ६ बाय १२ इंचांची पारदर्शक पिशवीच चालते आणि काही ठिकाणी तीही नाही. आणि तरीही २०-३० डॉलरच्या सुट्या नोटा खिशात असू द्याव्यात. मैदानाबाहेर गाडी लावायला आपले अंगण देणारा घरमालक, रस्त्यावर पाणी आणि शेंगदाणे विकणारा फेरीवाला, वाद्य वाजवणारा कलावंत यांचा व्यवहार अजून बराचसा नोटेवरच चालतो. थोडक्यात, आत कार्ड आणि बाहेर रोख.

परंतु ‘आत कार्ड, बाहेर रोख’ ही केवळ प्रवाशाला सूचना झाली. ते न्यायाचे सूत्र होऊ शकत नाही. कारण या सूत्रात रोखवाला माणूस कायम बाहेरच राहतो. तेथील पुरोगामी मंडळींनी आणि विद्यार्थी संघटनांनी धरावी अशी मागणी फार मोठी नाही. राज्याच्या मालकीच्या विद्यापीठांच्या मैदानांवर प्रत्येक भागात किमान एक खिडकी रोख घेणारी असावी. त्या खिडकीवरही तोच माल त्याच भावात मिळावा. उलटी एटीएम ठेवायचीच असतील तर त्यांना शुल्क नसावे आणि घरी जाताना उरलेले पैसे नोटेत परत मिळावेत. लाखभर माणसांची बैठक, त्यांच्या गाड्या, त्यांचे पोलीस, त्यांची शौचालये यांची व्यवस्था जी विद्यापीठे करू शकतात, त्यांना एक गल्ला सांभाळता येत नाही, यावर कोणी विश्वास ठेवावा?

एका हॉट डॉगसाठी एवढे लिहायचे कशाला, असे कोणी विचारील. नोटेचे मोठेपण असे की ती हातात धरणाऱ्याचा वर्ण, त्याचे कुळ, त्याची पत पाहत नाही. गरिबाच्या आणि श्रीमंताच्या हातात तिचे मोल सारखेच असते. बाजारात समतेचे जे थोडेबहुत चिन्ह उरले आहे, ते हेच आहे. ते काढून घेताना कारण सोयीचे सांगितले जाईल, वेगाचे सांगितले जाईल, स्वच्छतेचे सांगितले जाईल. सोय सर्वांनाच हवी आहे. मात्र ती कोणाला वगळून उभी केली जात आहे, हे विचारण्याची जबाबदारी ज्यांनी वगळले जाण्याचे दुःख भोगले आहे त्यांची आहे. अटलांटाच्या खिडकीवरून परत फिरणारी आजी आपल्या ओळखीची नसेल. तिला परत फिरवणारी रीत मात्र आपल्या चांगलीच ओळखीची आहे.